लहान मुलांचं दार

फाटक वहिनी लहान मुलांच्या दारातून रांगत आत गेल्या.

जर्मनीतल्या हायवेवरच्या त्या टॉयलेटला फिरतं दार होतं. नाणं टाकलं की एक माणूस आत. शेजारी माझ्या कमरेएवढी उंच एक रंगीत चौकट होती आणि तिच्यावर हत्तीचं चित्र. मुलांना त्यातून फुकट जाता यायचं. मी जुईला त्या चौकटीतून आत सोडत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब गं, मीपण जुईएवढीच आहे." फाटक वहिनींनी ओढणी गळ्याभोवती गुंडाळली, गुडघ्यांवर बसल्या आणि दोन्ही तळवे त्या ओल्या फरशीवर टेकवले. त्यांच्या मागून त्यांच्या पनवेलच्या ग्रुपमधल्या अजून दोघी गेल्या. शेवटची अडकली, तेव्हा आतल्या दोघींनी तिला हाताला धरून ओढून काढलं. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सफाईवाली बाई मॉपच्या दांड्यावर हनुवटी टेकून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्याकडे रस्त्यावरच्या गुरांकडे लोक बघतात, तसं ती बघत होती.

मला मात्र त्या तळव्यांवरून नजर काढता येईना. दहा मिनिटांनी त्याच हातांनी ह्या बाई बसमध्ये चिवड्याचा डबा फिरवणार होत्या.

देशिंगकर काका नाणं मुठीत धरून मागे उभे होते. सगळ्या बायका आत जाईपर्यंत ते वरच्या ट्यूबलाइटकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "तू हो पुढं. बाळ आत एकटं आहे."

ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा तिशीची होते, जुई साडेतीन वर्षांची. निनादला कंपनीतून बोनस मिळाला म्हणून आम्ही एका मराठी टूरबरोबर युरोपला गेलो होतो. बेचाळीस माणसं, एक बस. त्या दिवशी सकाळी ॲमस्टरडॅम सोडलं होतं, वाटेत कोलोनचं चर्च, दुपारचं जेवण, आणि रात्रीपर्यंत ब्लॅक फॉरेस्टमधलं हॉटेल. टूरमधला सगळ्यात लांबचा पल्ला. प्रथमेश, आमचा टूर मॅनेजर, आदल्या रात्रीच माइकवर सांगून मोकळा झाला होता, "मंडळी, उद्या बसायचं आहे. फक्त बसायचं."

बसमध्ये दोन नियम होते. पहिला सीटचा. रोज सगळ्यांनी एक रांग पुढे सरकायचं, पहिल्या रांगेने शेवटी जायचं, म्हणजे खिडकीतून समोरचं दिसायची संधी सगळ्यांना सारखी. देशिंगकर काका-काकू पहिल्या दिवसापासून आमच्या लगेच पुढच्या रांगेत होते. आज त्यांनी सोडलेली सीट उद्या आमची. दुसरा नियम शिक्षेचा. ज्याच्यामुळे बस खोळंबेल, त्याने माइकवर येऊन गाणं म्हणायचं. लहान मुलांसाठी थांबावं लागलं तर शिक्षा माफ, हे प्रथमेशने पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवून जुईकडे बघितलं होतं. टूरमध्ये तेवढं एकच लहान मूल होतं.

बसमध्ये मागच्या बाजूला टॉयलेट होतं. पण त्याला कुलूप होतं आणि आत पाण्याच्या बाटल्यांचे खोके रचलेले होते. ड्रायव्हर मिरो बोटाने त्या दाराकडे दाखवून रोज तेच म्हणायचा, "नो." एवढं एक इंग्रजी त्याचं पक्कं होतं.

आठव्या दिवसापर्यंत त्या बसला एक वास लागला होता. ओले मोजे, मेथीचे ठेपले, कैरीचं लोणचं, झंडू बाम, नाश्त्याच्या टेबलावरून पर्समध्ये घातलेली उकडलेली अंडी. कोणीतरी रोज जेवणानंतर नखं काढायचं. माझ्या पलीकडच्या रांगेतले एक गृहस्थ बूट काढून पाय पुढच्या सीटच्या हातावर ठेवायचे आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यांत बोट फिरवून ते नाकाशी न्यायचे. मी खिडकी, सीटचा हात, समोरचा ट्रे सगळं वाइप्सने पुसायचे. दिवसाला एक पाकीट. निनाद म्हणायचा, "अगं, एन्जॉय कर ना जरा." मी म्हणायचे, "तू कर. मी पुसते."

देशिंगकर काकांचा मात्र मला त्रास नव्हता. सांगलीचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, पंचाहत्तरीचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. बसमध्ये ते फारसं बोलायचे नाहीत. जुईशी मात्र त्यांचा खेळ होता. दोन सीटच्या मधल्या फटीतून ते आपलं बोट मागे घालायचे आणि जुईने ते पकडायचं. पकडलं की ते "गेलं, गेलं, आजोबांचं बोट गेलं" म्हणायचे. तासन्‌तास. शैलाकाकू म्हणायच्या, "अहो, पुरे, तिची आई कंटाळली असेल." मी म्हणायचे, "नाही हो काकू." खरंच नव्हते कंटाळत. त्यांची नखं स्वच्छ होती.

आदल्या दिवशी ॲमस्टरडॅममध्ये काकांमुळे बस खोळंबली होती. अकरा मिनिटं. काकू पुढे येऊन प्रथमेशच्या कानात काहीतरी म्हणाल्या आणि प्रथमेश माइक चालू ठेवूनच म्हणाला, "हां हां, पोटाचं आहे का, चालेल चालेल." बस हसली. काका आले तेव्हा फाटक वहिनी ओरडल्या, "शिक्षा! शिक्षा!" काकांनी हात जोडले. कोणी ऐकेना. मग ते माइकपाशी उभे राहिले आणि शाळेत शिकलेला कुठलातरी श्लोक म्हणू लागले. गाणं त्यांना येतच नव्हतं बहुतेक. मध्येच शब्द विसरले. लोकांनी श्लोकावर टाळ्यांचा ठेका धरला. "वन्स मोअर" झालं. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. परत येऊन बसताना काका मला म्हणाले, "झालं बाई एकदाचं," आणि हसले. त्या दिवशी बोट काही फटीतून आलं नाही.

तर त्या लांबच्या दिवशी. कोलोनला भारतीय हॉटेलात जेवलो. तेलाचा तवंग आलेले छोले, आंबट झालेलं रायतं. मी जुईसाठी भात आणि दही घेतलं, दही चाखून फेकून दिलं आणि तिला नुसता भात दिला. "दही नका घेऊ, आंबलंय," मी टेबलावर म्हटलंही. फाटक वहिनी म्हणाल्या, "परदेशात एवढे नखरे चालत नाहीत हो." काका रायतं खात होते. त्यांनी वाटीकडे बघितलं आणि उरलेलंही संपवलं. ताटात टाकायची सवय नाही, म्हणाले.

एव्हाना जुईसाठी बस दोनदा ठरलेलं नसताना थांबली होती. एकदा कोलोनच्या आधी, एकदा नंतर. दुसऱ्या वेळी परत चढताना फाटक वहिनी म्हणाल्या, "जुईबाई, अजून किती गावं पावन करायची आहेत?" मागून कोणीतरी म्हणालं, "आई पाणी कमी पाजत नाही वाटतं." आणि प्रथमेश, तसा गोड मुलगा, माझ्या सीटपाशी वाकून हळूच म्हणाला, "ताई, मिरोचे गाडी चालवायचे तास ठरलेले आहेत. संपले की तो आहे तिथे बस उभी करतो. आता हॉटेलपर्यंत एकच स्टॉप, चालेल ना?"

"चालेल," मी म्हटलं. माझे कान गरम झाले होते.

कारण जुईचं ते प्रकरण मी अगदी अभिमानाने टूरवर घेऊन आले होते. सहा महिने खपून मी तिचं डायपर सोडवलं होतं. सहा महिने मी तिचं तोंड वाचत बसले होते. लागली की तिचा खालचा ओठ आत जायचा, नजर एका जागी थांबायची, आणि सतत बडबडणारी जुई एकदम गप्प व्हायची. ते तोंड दिसलं की माझ्या हातात दोन मिनिटं असायची. स्वयंपाक टाकून, फोन टाकून, एकदा तर दारात आलेल्या कुरियरवाल्याला तसाच ठेवून मी तिला उचलून पळालेय. सासूबाई म्हणायच्या, "तू पोरीकडे बघतेस की दुधाकडे?" पण जमलं होतं. टूरला निघताना मी डायपरचं एकही पाकीट घेतलं नव्हतं. सगळ्यांना सांगितलं होतं, आमची जुई आता सांगते.

कोलोन सोडून दोन तास झाले आणि रस्ता तुंबला. पुढे कुठेतरी काम चालू होतं. बस दहा मीटर जायची, थांबायची. ऊन काचेतून आत येत होतं. मागे अंताक्षरी चालली होती, तीही दमली. पलीकडच्या गृहस्थांनी पाय वर घेतले. चिवड्याचा डबा आला. मी "नको" म्हटलं.

फटीतून बोट आलं. जुई झोपली होती. बोटाने सीटच्या कडेवर दोनदा टकटक केलं.

मी पुढे वाकले. "काय काका?"

"जुईला लागली असेल गं."

"नाही काका, मघाशीच तर झाली."

"बराच वेळ झाला. लहान मुलं वेळेवर सांगत नाहीत."

"ही सांगते."

बोट आत गेलं. पुढे काकूंच्या बांगड्या वाजत होत्या. त्या पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. पाण्याची बाटली उघडल्याचा आवाज आला, मग लगेच बंद केल्याचा. निनाद कानात हेडफोन घालून झोपला होता. बस हलली, जरा वेग आला, पुन्हा मंदावली.

पंधरा मिनिटं गेली असतील. ह्या वेळी बोट नव्हतं. काका वळून बसले होते आणि त्यांचा अर्धा चेहरा त्या फटीत होता.

"ऋजुता."

"काय?"

"पुढं पार्किंगची पाटी आहे. दोन किलोमीटर. जुईला उठवून विचार ना एकदा. तू प्रथमेशला म्हणालीस तर..."

वाक्य तिथेच राहिलं. दोन रांगा पुढे बसलेल्या फाटक वहिनींनी मान तिरकी केली होती. त्यांना काहीतरी ऐकू गेलं होतं, आणि काय ते पूर्ण ऐकायचं होतं. पलीकडचे गृहस्थही बघत होते. मी ताठ बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काका, जुईला लागली की ती सांगते. मी शिकवलंय तिला."

चेहरा फटीतून गेला.

पार्किंग आलं. झाडं, बाकं, एक छोटी विटांची इमारत, तिच्या दारावर बाई आणि पुरुषाचं चित्र. बस हळूच त्याच्या बाजूने पुढे सरकली. एवढ्या हळू, की बाकावर बसून सफरचंद खाणाऱ्या म्हाताऱ्या जर्मन बाईचा चेहरा मला नीट दिसला.

मग वास आला.

आधी मला वाटलं, कोणीतरी डबा उघडला. मग वाटलं, बाहेरून शेतातून येतोय. मग तो नक्की झाला. दाट, गोडसर, आंबलेल्या रायत्याचा धागा असलेला. मी जुईच्या मानेशी वाकून हुंगलं. पावडरचा वास. तिच्या पाठीखाली हात घातला. कोरडी. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. मी ओढणी नाकावर धरली.

बसभर रुमाल निघाले. कोणीतरी प्रथमेशला एसी वाढवायला सांगितलं, त्याने वास अजून फिरला. फाटक वहिनी अर्ध्या उठून मागे बघत म्हणाल्या, "जुईबाईंनी प्रसाद दिला वाटतं."

हशा.

"अहो, तरी म्हटलं, एवढ्या वेळात आई थांबा कशी म्हणाली नाही."

"शिकवलंय ना तिला," पलीकडचे गृहस्थ म्हणाले. त्यांच्या पायाचं बोट अजून हातातच होतं.

जुई जागी झाली. सगळे आपल्याकडे बघतायत हे तिला लगेच कळलं. "मी नाही केली," ती म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात गं राणी," फाटक वहिनी म्हणाल्या.

तेवढ्यात शैलाकाकू वळल्या. काकूंचा चेहरा पांढरा पडला होता. त्या मोठ्यांदा, अगदी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ऋजुता, बघ गं जरा तिला. लहान आहे. होतं मुलांना." आणि सीटच्या बाजूने त्यांचा हात मागे आला, माझा गुडघा त्याने शोधला आणि घट्ट दाबला. बांगड्यांसकट. डोळे माझ्या डोळ्यांत.

काका सरळ पुढे बघत बसले होते. पांढरा शर्ट, ताठ मान. मानेवरून घामाचा एक ओघळ कॉलरमध्ये गेला.

मला फक्त "हो" म्हणायचं होतं. "हो हो, सॉरी हं सगळ्यांना, जुईचंच आहे. प्रथमेश, थांबव जरा." एवढंच. लोक अजून दोन मिनिटं हसले असते.

"आई, मी नाही ना केली," जुई म्हणाली आणि रडायला लागली. "सांग ना त्यांना. मी नाही."

मी काकूंचा हात गुडघ्यावरून काढला. जुईला उचललं, मधल्या वाटेतून दोन रांगा पुढे गेले आणि तिला फाटक वहिनींच्या मांडीवर ठेवलं.

"घ्या," मी म्हटलं. "नीट जवळ घ्या. येतोय का वास?"

फाटक वहिनी गोंधळल्या. त्यांनी जुईला धरलं, नाक तिच्या केसांशी नेलं, मग खाली. "नाही गं," त्या म्हणाल्या. "हिचा नाही."

"मग आता बघा, कुठून येतोय."

मी मागे वळले नाही. वळायची गरजच नव्हती. सगळी बस माझ्यासाठी बघत होती. एकेक चेहरा माझ्या खांद्यावरून मागे जात होता आणि एका जागी थांबत होता. कोणी हसलं नाही. कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. मिरोने आरशातून बघितलं आणि आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटला.

प्रथमेशने माइक हातात घेतला, मग खाली ठेवला. मिरोच्या खांद्यावर हात ठेवून त्याने पुढच्या पार्किंगला बस घ्यायला सांगितली. पुढचं पार्किंग सात मिनिटांवर होतं. तासांचं कोणी काही बोललं नाही.

सगळे खाली उतरले. काका-काकू उतरले नाहीत. बाहेर गार वारा होता, लोक मोठमोठे श्वास घेत हात झाडत होते, जसं काही त्यांनाच लागलंय. पनवेलचा ग्रुप बाकांवर बसला.

"ह्या वयात कशाला यायचं एवढं लांब?"

"मुलांनी पाठवलंय म्हणे. मुलांचं काय जातंय."

"कालच कळायला हवं होतं. काल काय कमी झालं?"

"आता ती सीट कोणाची उद्या?" कोणीतरी विचारलं आणि हिशोब लागला तशी सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

फाटक वहिनींनी जवळ येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बरं केलंस गं. पोरीवर उगाच आळ येत होता. मीपण बोलून गेले, मनात ठेवू नकोस." आणि डबा उघडून माझ्यापुढे धरला. मग माझे हात धुतलेले नसतील म्हणून स्वतःच मूठभर चिवडा काढून माझ्या तळहातावर घातला.

मी तो खाल्ला. सगळा. शेंगदाणेसुद्धा.

शैलाकाकू बसच्या दारातून खाली उतरल्या. कोणाकडेच न बघता सरळ माझ्याकडे आल्या. बाजूच्या बायका दोन पावलं मागे सरकल्या.

"तुझ्याकडे ते ओले कागद असतात ना, पुसायचे."

मी सॅकमधून पाकीट काढलं. नवीन होतं. ते मी कोपऱ्याला धरून, दोन बोटांत, हात लांब करून त्यांना दिलं. त्यांनी चार कागद काढले आणि पाकीट मला परत द्यायला लागल्या.

"राहू द्या तुमच्याकडे," मी म्हटलं. "परत नको."

त्यांना कळलं. बायकांना कळतं ते. त्यांनी पाकीट पदराखाली घेतलं. मग जुईकडे बघितलं. ती माझ्या पायामागे उभी होती.

"तुझ्या मुलीला रडवलं गं मी," त्या म्हणाल्या. "माफ कर. मला दुसरं काही सुचलंच नाही."

त्यांनी मला काहीच विचारलं नाही. मी वाट बघत होते, विचारतील म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये उदबत्तीसारखा कसलातरी फवारा मारलेला होता. आमच्या वाट्याला आलेल्या सीटवर मिरोने काळ्या कचऱ्याच्या पिशव्या फाडून नीट ताणून बसवल्या होत्या. प्रथमेश म्हणाला, "ताई, ही रांग आपण रिकामी ठेवू. तुम्ही एक रांग अजून पुढे बसा. काका-काकू मागे बसलेत, तिथली जागा मोकळी आहे." मी मागे बघितलं. ते दोघं शेवटच्या रांगेत, त्या कुलूपबंद दाराशेजारी बसले होते. काकांनी बाह्या खाली करून बटणं लावली होती. टूरच्या उरलेल्या चार दिवसांत ते बसमध्ये चढायचे सगळ्यांत शेवटी आणि उतरायचे सगळ्यांत शेवटी. जेवायला ते क्वचितच दिसायचे. काकू दोन पोळ्या कागदात गुंडाळून वर खोलीत न्यायच्या.

जुईने त्याच सकाळी आमच्या पुढच्या सीटच्या फटीत आपलं बोट घालून बघितलं. पुढे कोणीतरी दुसरंच बसलं होतं.

निनाद ही गोष्ट अजूनही सांगतो. पाहुणे आले, परदेशाचा विषय निघाला की हमखास. गेल्या रविवारी त्याच्या ऑफिसातले दोघं सपत्नीक आले होते, तेव्हाही सांगितली. फाटक वहिनींची रांगायची नक्कल त्याला छान जमते. मग माझ्याकडे हात करून, "आणि ह्या बाईसाहेबांनी सरळ उचललं पोरीला, आणि ठेवलं त्यांच्या मांडीवर." सगळे हसले. जुई आता अकरा वर्षांची आहे. ती म्हणाली, "बाबा, शी, जेवताना नको ना." तिला त्यातलं काहीच आठवत नाही. बोटसुद्धा नाही.

"बिचारे काका पण," पाहुण्यांपैकी एकीने म्हटलं. "सरळ सांगायचं होतं ना. तुम्हाला कसं कळणार?"

"तेच ना," निनाद म्हणाला. "दोनदा हिला विचारलं त्यांनी, जुईला लागलीय का म्हणून. आता त्यावरून हिला काय कळणार?"

मी वरणाचं भांडं घेऊन आत गेले. ओट्यावर ते ठेवलं, नळ सोडला, हात धुतले. पुन्हा धुतले.

पहिल्यांदा विचारलं तेव्हा नव्हतं कळलं. ते खरं आहे.

दुसऱ्यांदा त्यांचा अर्धा चेहरा फटीत होता. माझ्यापासून वीतभर अंतरावर. खालचा ओठ आत गेलेला होता. नजर एका जागी थांबलेली. "तू प्रथमेशला म्हणालीस तर," एवढं बोलून ते एकदम गप्प झाले होते. सहा महिने मी ते तोंड वाचलेलं होतं. त्या बसमध्ये, त्या बेचाळीस माणसांत ते तोंड माझ्याइतकं कोणालाच ओळखू येत नव्हतं. ते दिसलं की दोन मिनिटं असतात, हेही मला माहीत होतं. आणि दोन किलोमीटरची पाटी मीसुद्धा वाचली होती.

आठवतंय, मला किळस आली होती. एवढ्या मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर ते तोंड बघून. आणि मी ताठ बसले होते, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले होते, मी शिकवलंय तिला.